मागचे केस

गुरुसिद्धप्पांची कटिंग झाली. मी त्यांच्या मानेवरून ब्रश फिरवला, हातआरसा डोक्यामागे धरला आणि नेहमीसारखं म्हणालो, "बघा अप्पा, मागं." अप्पा डाळीचे व्यापारी, माझ्या दुकानातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मागे कोणीच बघत नाही, तसं तेही बघत नाहीत. 'बेस हाय' म्हणतात आणि उठतात. वीस वर्षं मी भूममधल्या माणसांना त्यांचीच डोकी मागून दाखवतोय आणि वीस वर्षं माणसं न बघता मान हलवतायत. त्या दिवशी मात्र अप्पा उठले नाहीत. समोरच्या आरशातून ते माझ्याकडे टक लावून बघत होते. "बजरंग," ते म्हणाले, "तुझ्या टोपीखालनं कायतरी वघळतंय बघ कानामागं. रगत हाय का काय?" मी हात मागे नेला. बोटाला ओलं लागलं, थोडं पाणी आणि थोडं लाल. "वस्तरा लागला असंल अप्पा सकाळी," मी म्हणालो. अप्पांनी खुर्चीतच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सोताच्या मानंमागं वस्तरा? लई कसबी झालास की रं!" एवढं बोलून ते चपला शोधायला लागले. मी हसलो आणि टोपी कानापर्यंत खाली ओढली.

ते गेल्यावर मी काचेचं दार लोटलं, पंखा वाढवला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिलो. माझ्या दुकानात समोरासमोर दोन आरसे आहेत. एक खुर्चीपुढचा, दुसरा मागच्या भिंतीवरचा. दोन्हींच्या मध्ये उभं राहिलं की आपली पाठ, त्या पाठीमागे आपलं तोंड, पुन्हा पाठ, अशी रांगच लागते. सात आठवड्यांपूर्वी पुण्याहून आलो त्याच दिवशी मी मागच्या आरशावर खताच्या दुकानाचं मोठं कॅलेंडर लावून टाकलं. कोणी विचारलं तर काच तडकलीय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही. टोपीचं मात्र सगळ्यांनी विचारलं. बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली ती हिरवी टोपी मी सकाळी उठल्यावर घालत होतो ती पाठ टेकेपर्यंत. "सर्दी हाय," मी सांगायचो. मार्च संपत आलेला, बाहेर भूमचं ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं, आणि मला सर्दी. लोक काही मूर्ख नसतात. पण न्हाव्याच्या डोक्यात काय चाललंय याचा विचार कोण करतं, त्याच्या हातात आपलं डोकं असतं तेवढ्यापुरताच तो माणूस. यावर माझी सगळी मदार होती आणि अप्पांनी ती एका वाक्यात मोडली.

खरं सांगायचं तर मी केस लावून घेतले होते. निकिताशिवाय, म्हणजे माझ्या बायकोशिवाय, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाकीच्यांच्या लेखी मी पुण्याला नव्या कटिंगचं शिक्षण घ्यायला गेलो होतो. टक्कल पडणं हा काही गुन्हा नाही हे मला कळतं. गिऱ्हाइकांची समजूत मीच घालतो, "डोकं चालणाऱ्याचेच केस जातात सायेब," असं रोज चार वेळा म्हणतो. पण टकला न्हावी ही वेगळी गोष्ट आहे. आमचे वडील, रामकिसन, गेले तेव्हा मी मुंडण केलं आणि पुढचे केस परत आलेच नाहीत. आधीच विरळ होत चालले असणार, मुंडणाचा त्यात काही दोष नाही, हे अक्कल सांगते. पण मनात बसलं ते बसलंच, की वडील जाताना माझं कपाळ मोठं करून गेले. मग दुकानात चेष्टा सुरू झाली. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं रांगेत बसलेली असताना एखादा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "ह्याच्या सोताच्या डोस्क्यावर काय न्हाय, आन् आपल्याला इस्टाईल मारून देतोय." सगळे हसायचे. मीही हसायचो. हसताना कात्री थांबू द्यायची नाही हे आमच्या धंद्यात पहिल्यांदा शिकवतात. पण त्या हसण्याचं जे काही साचत गेलं ते एक दिवस मला पुण्याच्या बसमध्ये बसवून मोकळं झालं.

तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी कागदावर डोकं काढून दाखवलं. मागच्या केसांना गळायची बुद्धी नसते, म्हणून मागचे मधूनमधून एकेक मुळासकट उचलायचे आणि पुढे रोवायचे. मागच्या भागाला त्या डोनर एरिया म्हणत होत्या. मी मनात त्याला देणारी जागा म्हटलं. दिवसभर मी पालथा पडून होतो. सुईचं दुखणं पहिल्या दहा मिनिटांत संपलं. नंतर फक्त आवाज येत राहिला, बारीक, कुरतडल्यासारखा, आणि मला सारखं वाटत होतं, हे माझं काम आहे, हे मी दुसऱ्यांचं करतो, आणि आज कोणीतरी माझं करतंय आणि मला त्यांचा हात दिसत नाही. हात दिसत नाही याचाच मला जास्त त्रास झाला. उठताना बाईंनी एक कागद दिला. काय करायचं, काय नाही. त्यातली एक ओळ ठळक होती, सांगितलेल्या औषधाशिवाय डोक्याला काहीही लावायचं नाही. मी तो कागद खिशात ठेवला आणि मनातल्या मनात हसलो. डोक्याला काय लावायचं हे मला शिकवणार!

चौथ्या दिवशी घरी आंघोळीनंतर मागे चरचरायला लागलं. टॉवेलवर बारीक लाल ठिपके उमटले, शेकड्यांनी. ते ठिपके बघून मी काही विचार केला असं मला आठवत नाही. हात आपोआप फळीवर गेला, तुरटीचा खडा उचलला, पाण्यात बुडवला आणि मागे फिरवला, एकदा वर, एकदा खाली, जसा दाढीनंतर फिरवतात तसा. डोळ्यांतून पाणी आलं आणि बरंही वाटलं. आमच्या वडिलांचा तुरटीवर फार जीव. ते हत्यारांची धोकटी घेऊन वाडीवस्तीवर फिरायचे तेव्हापासून, कुणाला वस्तरा लागला, कुणाला बैलाचं शिंग लागलं, कुणाच्या पायात काटा मोडला, वडील तुरटी काढायचे. "आपला डाक्टर ह्योच," म्हणायचे. रक्त दिसलं की तुरटी, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी ती लावली. रक्त थांबलं. बाकीचं काहीच थांबलं नाही. खपल्या दहा दिवसांत जातात म्हणे, माझ्या राहिल्या. लाली पंधरा दिवसांत उतरते म्हणे, माझी वाढली. नंतर पुळ्या आल्या, खाज आली, आणि मध्येमध्ये केसच नसलेली वाटोळी ठिगळं दिसायला लागली. तोवर पुढे लावलेलेही गळून गेले. ते गळतात आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा येतात असं कागदावर होतं, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. पण मागचं? पुढचं अजून आलेलं नाही आणि मागचं गेलं, अशा अवस्थेत मी रोज वीस-पंचवीस लोकांचे केस कापत होतो. देणाऱ्या जागेनं दिलं आणि मी तिलाच जाळलं, हे एक वाक्य दिवसभर डोक्यात फिरायचं. माझ्या हातानं. माझ्याच धंद्यातल्या वस्तूनं.

दवाखान्यातून फोन यायचे, फोटो पाठवा म्हणून. निकिता फोटो काढायची. "अवो, हलू नका. मान खाली घ्या." मी म्हणायचो, उजेडात नको, इकडून काढ, अंगावर सावली पडू दे. म्हणजे जे फोटो बरं करण्यासाठी मागवले होते तेच मी बरे दिसतील असे काढून पाठवत होतो. गिऱ्हाईक करतात ना, लग्नाच्या फोटोआधी टकलावर काळं फवारून घेतात, तसं. त्यांना मी हसायचो. फोटो बघून तिथली मुलगी सांगायची, थोडा वेळ लागतोय, औषध चालू ठेवा. मी तुरटीचं बोललो नाही. दुसऱ्या कुठल्याही माणसानं सांगून टाकलं असतं, चुकलं म्हणून. पण न्हाव्यानं कसं सांगायचं की मला डोक्याला काय लावावं ते कळलं नाही? खड्ड्यात जाईन पण हे बोलणार नाही, असं काहीतरी माझ्यात घट्ट बसलं होतं.

अप्पांच्या त्या दिवशी दुपारी मी घरी जेवायला गेलो आणि भाकरी तोडता तोडता निकिताला म्हणालो, "अप्पांना दिसलं." ती चुलीकडे तोंड करून होती. म्हणाली, "दिसू द्या की. पुन्याला खरं सांगा आधी." "काय खरं?" "तुरटीचं." मी घास तसाच धरून राहिलो. ती वळली. "मला काय दिसत न्हाय व्हय? तुरटीचा खडा तेलाच्या बाटलीमागं लपवून ठिवता. लहान लेकरावानी. मी वाट बघत हुते, आज सांगताल, उद्या सांगताल." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो. मला एकदम लाज वाटली, आणि लाजेबरोबर इतकं हलकं वाटलं की तिथंच फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुरटी," त्या म्हणाल्या. "किती दिवस?" "आठ, मॅडम. दोन येळंला." "सात आठवडे झाले. आधी का नाही सांगितलंत?" "आमचाच धंदा हाय ना मॅडम. लाज वाटली." मग त्यांनी विचारलं, "डोक्यावर काही घालता का?" "टोपी." "किती वेळ?" "दिसभर." "या उन्हात?" मी डोक्यावरची टोपी चाचपली. "ऐका," त्या म्हणाल्या, "तुरटीनं कातडी जळलीय. मागे जे केस ठेवले होते त्यांची मुळं खोल असतात, बहुतेक वाचली असतील. पण आज मी खात्री देणार नाही. तुम्हाला आता जो त्रास होतोय तो जास्त टोपीचा आहे. घाम कोंडतो, जखम वाळत नाही, पुळ्या येतात. मी मलम लिहून पाठवते. ते लावा आणि डोकं उघडं ठेवा. सावलीत, पण उघडं. सहा-सात आठवडे. केस यायचे असतील तर तेव्हा दिसतील." मी विचारलं, "दुकानात तरी घातली तर?" त्या म्हणाल्या, "बरं व्हायचंय की लपवायचंय, ते तुम्ही ठरवा." असं कोणी माझ्याशी बोललेलं मला चालत नाही. पण मी 'मलम पाठवा' एवढंच म्हणालो.

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. पुढचं कसंबसं जमेल, मागचं नाहीच. म्हणून सोमवारी, दुकानं बंद असतात तेव्हा, आम्ही चार-पाच जण एकाच्या दुकानात जमतो, शटर अर्धं खाली घेतो आणि एकमेकांची कटिंग करतो. पैसे नाहीत, फक्त चहा. महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाची पाळी येते. मी सात सोमवार चुकवले होते. एकदा ताप, एकदा कंबर, एकदा येरमाळ्याला सासुरवाडी, मग पुन्हा ताप. आणि येता सोमवार माझ्या दुकानाचा होता, तो चुकवता येत नाही. डोकं उघडं करायचं म्हणजे कुणापुढे करायचं? गिऱ्हाइकांपुढे करणं सोपं, त्यांना डोक्यातलं काही कळत नाही. पण हे चार जण एका नजरेत सगळं वाचणार. आणि त्या चौघांत श्रीमंत नावाचा एक. श्रीमंतचं दुकान बसस्टँडजवळ, हात सोन्यासारखा आणि जीभ अशी की सकाळी कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत परंड्याला पोचते. टकल्या न्हाव्याची चेष्टा सुरुवातीला त्यानंच केली होती. त्याला हे कळणं म्हणजे भूममध्ये दवंडी पिटणं. रविवारभर मी टोपी घालूनच कात्री चालवत होतो आणि मनात दुकान विकून तेरला मेहुण्याकडे जाऊन राहण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

सोमवारी चौघं आले. श्रीमंतनं आल्या आल्या खुर्ची झटकली, कात्री हातात घेतली आणि म्हणाला, "ये रं सर्दीवाल्या. आज तुला सोडत न्हाय." मी खुर्चीत बसलो. त्यानं माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. मला वाटलं होतं आधी चार शब्द बोलू, प्रस्तावना करू, काहीतरी गमतीचं सांगू. तसं काहीच झालं नाही. मी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पंख्याचं वारं मागच्या ओल्या कातडीला लागलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा माणसांत बसून मला ते वारं लागलं होतं, आणि त्या अवस्थेतही मला जाणवलं की हे किती सुखाचं आहे. मग श्रीमंत म्हणाला, "आरं तिच्या! उंदरानं कुरतडल्यावानी दिसतंय की रं!" "केस लावून घेतलेत म्या," मी म्हणालो. "पुण्याला. मागचं काढून पुढं लावलंय. आन् मागची जखम बरी व्हईना." "का व्हईना?" मी समोरच्या आरशात त्याच्याकडे बघितलं. "तुरटी लावली."

मग हसू फुटलं. पण ते बाजाराच्या दिवशीचं हसू नव्हतं. श्रीमंत गुडघ्यावर हात आपटत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "म्या बी तेच केलं आस्तं!" तो ओरडला. "आयच्यान सांगतो, तेच केलं आस्तं! मागल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं न्हवं, अपेंडिक्सचं? टाक्यावर तुरटी लावली म्हून डाक्टरनं मला वार्डात सगळ्यांदेखत झापलंय. कुणाला सांगितलं न्हाय आजवर!" दुसरा म्हणाला त्यानं मुलीच्या कान टोचलेल्याला लावली होती. तिसरा नुसताच मान डोलवत होता. मी हसत होतो आणि रडतही होतो, आणि दोन्ही लपवायला हातात काही नव्हतं. माझी चूक माझी एकट्याची नव्हती. ती आमच्या हातांची होती, वडिलांच्या, त्यांच्या वडिलांच्या, आणि ती फक्त आम्हालाच करता आली असती. मला तिचा चक्क अभिमान वाटायला लागला.

श्रीमंतनं अर्थात गावभर सांगितलं. मंगळवारी सकाळी मी मागच्या आरशावरचं कॅलेंडर काढून टाकलं आणि उघड्या डोक्यानं दुकान उघडलं. लोक बघायला आले. बघू दिलं. "दुखतं का?" "पुढं कवा येणार?" "आन् मागचं आलंच न्हाय तर?" हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला मी म्हणालो, "तर मागनंबी टकला न्हावी. तुमची कटिंग तर नीटच हुईल ना?" तो खजील होऊन खुर्चीत बसला. गुरुसिद्धप्पा आले तेव्हा त्यांनी मला वळायला लावून चष्मा लावून माझं डोकं पाहिलं आणि म्हणाले, "आरं, मग त्या दिशी लपवलास कशाला? माझ्या मागचं तू वीस वर्सं बघतोस, मला तुझं एकदा बघू दे की." चेष्टा थांबली असं नाही. पण ती माझ्या पाठीमागे न होता तोंडावर व्हायला लागली आणि तोंडावरच्या चेष्टेला मला उत्तर देता येतं. मलम लावत राहिलो. खाज गेली, पुळ्या वाळल्या, लाली हळूहळू उतरली. कातडी बरी झाली, एवढं निकिताच्या बोटांवरून कळत होतं. पण केस? ते मी विचारायचं बंद केलं. आरशातही बघेना. दोन आरशांमध्ये उभा राहिलो की मला हवं तेच दिसायचं, एक दिवस काळं, एक दिवस मोकळं, आणि या वयात स्वतःलाच फसवत बसायची मला हौस उरली नव्हती. सहा आठवडे सोमवारी मी दुसऱ्यांची कटिंग केली, माझ्या डोक्याला कोणी हात लावला नाही. बाईंनी सांगितलं होतं, इतक्यात नको.

सातव्या सोमवारी श्रीमंतच्या दुकानात जमलो. बाईंची परवानगी आली होती, मशीन नाही, फक्त कात्री. मी बसलो आणि डोळे मिटून घेतले. श्रीमंत कानाच्या कडेनं सुरू झाला. तिथे काही केलेलं नव्हतं, तिथले केस वाढले होते, तिथली कात्री मी नुसती ऐकत होतो. मग ती मागे सरकली. आमच्या धंद्यातल्या माणसाला न बघता कळतं, कात्री हवेत मिटते तेव्हा पातं पात्यावर आपटतं आणि चणचणीत वाजतं. तिच्यात केस आला की आवाज दबतो, कुरकुरतो. मी श्वास धरून बसलो. देणाऱ्या जागेवर कंगवा फिरला. कंगव्याला काहीतरी अडलं. कात्री मिटली आणि तिचा आवाज दबला. पुन्हा मिटली, पुन्हा दबला. ठिगळांच्या जागी, मधोमध, खाली, सगळीकडे. श्रीमंतचा हात थांबला.

"बजरंगा," तो म्हणाला, "हे कापायला आलंय की रं!"

मी डोळे उघडले. आरशाकडे बघायची गरज नव्हती. माझ्या खांद्यावर, पांढऱ्या कापडावर, बारीक काळे केस पडले होते, नखाएवढे, माझे, मागचे. पुढे कपाळावर अजून नुसती लव होती, ती यायची तेव्हा येईल. बाकीचे तिघं उठून खुर्चीभोवती गोळा झाले. श्रीमंत कात्री वर धरून तसाच उभा होता.

"मग काप की," मी म्हणालो. "थांबलास कशाला?"